जुन्या संगणक खेळांचे आधुनिक मॉनिटरवरील प्रदर्शन

जुन्या संगणक खेळांचे आधुनिक मॉनिटरवरील प्रदर्शन हा संगणकीय दृश्यतंत्र आणि डिजिटल जतन या दोन्ही क्षेत्रांशी संबंधित विषय आहे. साधारणपणे १९८० आणि १९९० च्या दशकांत तयार झालेले खेळ आजच्या रुंद, सपाट मॉनिटरवर चालविले असता चित्र आडवे ताणले जाणे, कडा धूसर होणे, रंग बिघडणे, चित्र पडद्याच्या कोपऱ्यात लहानसे दिसणे किंवा हालचाल अडखळती वाटणे असे दोष आढळतात. खेळाची फाईल खराब झाल्यामुळे हे दोष क्वचितच उद्भवतात. बहुतेक वेळा खेळ ज्या पडद्यासाठी रचला गेला तो पडदा आणि आजचा पडदा यांच्या रचनेत असलेला फरक हे त्यांचे मूळ कारण असते. हा फरक समजून घेतल्यास बहुतांश दोष विनामूल्य उपलब्ध असलेल्या साधनांनी दूर करता येतात.

## ४:३ गुणोत्तराचा उगम

पडद्याच्या रुंदीचे त्याच्या उंचीशी असलेले प्रमाण म्हणजे रुंदी-उंची गुणोत्तर होय. जुन्या संगणकांच्या मॉनिटरमध्ये हे गुणोत्तर ४:३ असे, म्हणजे पडदा ४ एकक रुंद असल्यास ३ एकक उंच असे. हे प्रमाण संगणकाच्या आधीपासून प्रचलित होते. १८९० च्या दशकात थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत ३५ मिलिमीटर चित्रफितीची चौकट ठरविताना ते रूढ झाले आणि मूकपटांच्या काळात जगभर मान्यता पावले. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा १९१३ सालचा मूकपट याच परंपरेतील आहे. पुढे दूरचित्रवाणीनेही चित्रपटांचे हेच प्रमाण उचलले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शन केंद्राचे कार्यक्रम घरोघरी ४:३ पडद्यावरच पाहिले जात. संगणकाचे मॉनिटर दूरचित्रवाणीच्याच चित्रनलिकेवर आधारलेले असल्यामुळे त्यांच्याकडेही हे प्रमाण आले.

२००० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुंद पडद्यांचा प्रसार झाला आणि १६:९ हे गुणोत्तर सर्वसामान्य ठरले. ४:३ प्रमाणात रचलेले चित्र १६:९ पडद्याच्या चारही कडांपर्यंत ताणले, तर प्रत्येक वस्तूची रुंदी मूळच्या तुलनेत एकतृतीयांशाने वाढते. वर्तुळ लंबवर्तुळ होते आणि सडपातळ माणूस स्थूल दिसतो. जुने चित्रपट रुंद दूरचित्रवाणी संचावर ताणून दाखविले जातात तेव्हा हाच दोष दिसतो.

## चित्रनलिका आणि सपाट पडदा

जुन्या मॉनिटरमध्ये कॅथोड किरण नलिका, म्हणजेच सीआरटी, वापरली जात असे. तिच्यातील इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्याच्या आतील स्फुरक थरावर डावीकडून उजवीकडे ओळीमागून ओळ काढीत वरून खाली येई. या ओळींची संख्या संगणकाकडून येणाऱ्या संदेशानुसार मर्यादेत कमीजास्त करता येत असे. त्यामुळे २०० ओळींचे चित्र असो वा ४८० ओळींचे, ते संपूर्ण पडदा सहज व्यापत असे. झोताचा ठिपका कडेला किंचित पसरत असल्याने चित्राला नैसर्गिक मृदुपणाही येई.

आजच्या एलसीडी अथवा ओएलईडी पडद्यात चित्रबिंदूंची, म्हणजेच पिक्सेलची, संख्या कारखान्यातच कायमची ठरलेली असते. अनेक लॅपटॉपांत ती १३६६×७६८, पुष्कळ मॉनिटरमध्ये १९२०×१०८० आणि अधिक तपशिलाच्या पडद्यांत ३८४०×२१६० असते. या संख्येहून लहान चित्र आले की ते मोठे करून दाखवावे लागते. ६४०×४८० चे चित्र १०८० ओळींच्या पडद्यावर पूर्ण उंचीने बसवायचे तर ते २.२५ पट मोठे करावे लागते. मूळचा एक बिंदू पडद्यावरच्या सव्वादोन बिंदूंत बसवता येत नाही. म्हणून शेजारच्या बिंदूंच्या रंगांची सरासरी काढली जाते आणि त्यातून धूसरपणा येतो. सरासरी न काढता जवळचा बिंदू जसाच्या तसा उचलला, तर काही बिंदू दोन व काही तीन बिंदूंइतके रुंद होतात आणि अक्षरांच्या रेषा असमान जाडीच्या दिसतात.

## ३२०×२०० आणि उभट चित्रबिंदू

आयबीएम पीसी १९८१ मध्ये बाजारात आला. त्याच्या सीजीए या रंगीत चित्रव्यवस्थेत ३२०×२०० बिंदू आणि एका वेळी ४ रंग मिळत. १९८४ मधील ईजीए व्यवस्थेत ६४०×३५० बिंदू आणि १६ रंग, तर १९८७ मधील व्हीजीए व्यवस्थेत ६४०×४८० बिंदू आणि १६ रंग मिळू लागले. व्हीजीएमध्ये ३२०×२०० बिंदूंची आणखी एक पद्धत होती. तीत एका वेळी २५६ रंग वापरता येत आणि स्मृतीची मांडणीही सोपी होती. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील डॉस खेळांत ही पद्धत सर्वाधिक रूढ झाली.

३२०×२०० यातील दोन संख्यांचे प्रमाण ८:५ आहे. मात्र हे चित्र ४:३ च्या पडद्यावर काठोकाठ दाखविले जात असे. याचा अर्थ प्रत्येक चित्रबिंदू चौरस नव्हता. त्याची उंची रुंदीच्या १.२ पट होती. चित्रकारांनी आपली चित्रे अशा उभट बिंदूंच्या पडद्याकडे पाहूनच रेखाटली. आजच्या पडद्यावरील बिंदू चौरस असल्याने हेच चित्र बिंदूस बिंदू लावून दाखविले, तर त्याची उंची मूळच्या पाच-षष्ठांश होते आणि सर्व आकृती दबलेल्या दिसतात. म्हणून केवळ 'मूळ बिंदूंचे प्रमाण राखणे' पुरेसे नाही. मूळ पडद्याचे प्रमाण राखणे आवश्यक असते. ३२०×२०० चे चित्र ३२०×२४० चौरस बिंदूंइतकी जागा व्यापेल असे उभे वाढविणे हीच योग्य दुरुस्ती होय.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ. जॉर्डन मेकनर यांनी १९८९ मध्ये तो ॲपल २ संगणकासाठी प्रसिद्ध केला आणि १९९० मध्ये तो डॉसवर आला. नायकाचे धावणे, उडी मारणे आणि कड्याला लोंबकळणे जिवंत वाटावे म्हणून मेकनर यांनी आपल्या भावाच्या हालचालींचे चित्रण करून त्यावरून एकेक चौकट रेखाटली होती. मानवी देहाचे प्रमाण आणि गती हेच या खेळाचे वैशिष्ट्य असल्याने चित्र दबले किंवा ताणले गेले, की रचनाकाराच्या मुख्य परिश्रमावरच पाणी पडते.

या नियमाला अपवादही आहेत. ३२०×२४० अथवा ६४०×४८० बिंदूंत चालणाऱ्या खेळांचे बिंदू ४:३ पडद्यावर मुळातच चौरस असतात. त्यांना उभ्या दुरुस्तीची गरज नसते, केवळ आडवे ताणणे टाळावे लागते. दुसऱ्या संगणकासाठी काढलेली चित्रे फेरफार न करता डॉसवर आणलेल्या खेळांत दुरुस्तीनंतर आकृती उंच वाटू शकतात. १२८०×१०२४ या रिझोल्यूशनचे प्रमाण ५:४ आहे, हेही अशा वेळी ध्यानात ठेवावे लागते.

## दोष ओळखण्याची पद्धत

उपाय करण्यापूर्वी दोष कोणत्या प्रकारचा आहे हे ठरविणे हितावह असते. त्यासाठी खेळातील निश्चित वर्तुळाकार असलेली वस्तू, उदाहरणार्थ नाणे, चाक, घड्याळ किंवा पूर्णचंद्र, शोधून तिची रुंदी आणि उंची पडद्यावर पट्टीने मोजावी.

* दोन्ही मापे समान असल्यास प्रमाण योग्य आहे.
* रुंदी उंचीच्या सुमारे १.३३ पट असल्यास ४:३ चे चित्र १६:९ वर ताणले गेले आहे.
* रुंदी उंचीच्या सुमारे १.२ पट असल्यास ३२०×२०० च्या चित्राची उभी दुरुस्ती झालेली नाही.
* उंची रुंदीच्या १.२ पट असल्यास नको तेथे उभी दुरुस्ती झाली आहे.

एकच वस्तू तिरक्या कोनातून रेखाटलेली असू शकते. त्यामुळे दोन-तीन वस्तू मोजून निष्कर्ष काढावा.

## उपाय

### मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्डाची मांडणी

अनेक मॉनिटरच्या स्वतःच्या यादीत चित्राच्या आकाराविषयी पर्याय असतात. 'वाइड' किंवा 'फुल' निवडल्यास चित्र ताणले जाते. 'आस्पेक्ट' किंवा '४:३' निवडल्यास प्रमाण राखले जाऊन दोन्ही बाजूंना काळे पट्टे उरतात. हे पट्टे म्हणजे दोष नव्हे, तर मूळ चित्र यथाप्रमाण असल्याची खूण होय. मॉनिटरमध्ये असा पर्याय नसल्यास एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेल यांच्या ग्राफिक्स कार्डासोबत येणाऱ्या नियंत्रण आज्ञावलीत तो मिळतो. तेथे संपूर्ण पडदा व्यापणे, प्रमाण राखणे आणि मोजमाप न बदलता चित्र मध्यभागी ठेवणे असे तीन मुख्य पर्याय असतात. हे मोजमाप मॉनिटरने करावे की ग्राफिक्स कार्डाने, हेही ठरविता येते. ते काम कार्डाकडे सोपविल्यास परिणाम अधिक खात्रीचा असतो.

### डॉस खेळांसाठी डॉसबॉक्स

६४-बिट विंडोजवर १६-बिट आज्ञावल्या थेट चालत नाहीत. त्यामुळे डॉस खेळांसाठी जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली लागते. अशा आज्ञावल्यांत २००२ पासून उपलब्ध असलेली डॉसबॉक्स ही सर्वाधिक परिचित आहे. ती मुक्तस्रोत असून साध्या संगणकावरही चालते.

डॉसबॉक्सच्या मांडणीच्या फाईलमध्ये प्रदर्शनाच्या दृष्टीने तीन ओळी महत्त्वाच्या आहेत. फाईलमध्ये ही सर्व नावे रोमन लिपीत असतात.

1. 'रेंडर' विभागातील 'आस्पेक्ट' या ओळीपुढे ०.७४ आवृत्तीत 'फॉल्स' असे लिहिलेले असते. ते बदलून 'ट्रू' केल्यास उभट बिंदूंची दुरुस्ती होते.
2. 'एसडीएल' विभागातील 'फुलरिझोल्यूशन' या ओळीपुढे 'डेस्कटॉप' असे लिहिल्यास मॉनिटरचे रिझोल्यूशन न बदलता त्याच्या पूर्ण आकाराचा उपयोग होतो.
3. त्याच विभागातील 'आउटपुट' या ओळीपुढे 'सरफेस' ऐवजी 'ओपनजीएल' किंवा 'ओपनजीएलएनबी' लिहावे. यांपैकी पहिल्याने कडा मृदू दिसतात, तर दुसऱ्याने सरासरी न काढल्यामुळे त्या ठळक राहतात.

दुसरा बदल केला आणि तिसरा राहून गेला, तर चित्र पडद्याच्या मध्यभागी लहान चौकटीत दिसते. नवख्या वापरकर्त्यांना हा अनुभव वारंवार येतो. ऑल्ट आणि एंटर या कळा एकत्र दाबल्यास खिडकी आणि पूर्ण पडदा यांत अदलाबदल करता येते. डॉसबॉक्स स्टेजिंग या नव्या शाखेत प्रमाणाची दुरुस्ती आपोआप होते आणि चित्रनलिकेवरील ओळींचा आभास निर्माण करणारे शेडरही दिलेले असतात.

चित्रांवर टिचकी मारून उलगडणाऱ्या साहसकथांच्या खेळांसाठी २००१ पासून विकसित होत असलेली स्कमव्हीएम ही आज्ञावली वापरली जाते. तिच्या चित्रविषयक पर्यायांत प्रमाण-दुरुस्तीची वेगळी चौकट असते.

### विंडोज ९५ ते एक्सपी काळातील खेळ

या काळातील अनेक खेळ मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टड्रॉ या व्यवस्थेवर आधारलेले आहेत. खेळाच्या चिन्हावर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' आणि त्यातील 'कम्पॅटिबिलिटी' हे पान उघडल्यास जुन्या विंडोजची नक्कल करणे, ६४०×४८० मध्ये चालविणे आणि रंगसंख्या मर्यादित ठेवणे हे पर्याय मिळतात.

पडद्यावरील मजकूर मोठा दिसावा म्हणून विंडोजमध्ये १२५ अथवा १५० टक्के मोजमाप ठेवले असल्यास आणखी एक अडचण उद्भवते. १२५ टक्के मोजमापात १९२०×१०८० चा पडदा जुन्या खेळाला १५३६×८६४ इतकाच असल्याचे सांगितले जाते. परिणामी चित्राचा काही भाग पडद्याबाहेर जातो किंवा माऊसचा बाण भलत्याच जागी उमटतो. त्याच पानावरील उच्च डीपीआय मोजमापाच्या पर्यायात ते काम 'ॲप्लिकेशन'कडे सोपविल्यास हा दोष बहुधा जातो.

एवढ्यानेही काम न भागल्यास मध्यस्थ आज्ञावली वापरता येते. डीजीव्हूडू २ ही आज्ञावली जुन्या डायरेक्टएक्स आणि ग्लाइड यांच्या आज्ञा आजच्या ग्राफिक्स कार्डाला कळतील अशा रूपात बदलते. सीएनसी-डीड्रॉ ही केवळ डायरेक्टड्रॉ खेळांसाठी आहे. अशा आज्ञावलीच्या फाईली खेळाच्या फोल्डरमध्ये ठेवल्या जातात. त्या मूळ प्रकल्पाच्या अधिकृत पानावरूनच घ्याव्यात आणि मूळ फोल्डरची एक प्रत आधी बाजूला ठेवावी.

### पूर्णांक पटीतील मोजमाप

धूसरपणा आणि असमान जाडी हे दोन्ही दोष टाळण्यासाठी चित्र दोन, तीन, चार अशा पूर्णांक पटीतच मोठे करण्याची पद्धत आहे. ६४०×४८० चे चित्र १९२०×१०८० वर दुप्पट, म्हणजे १२८०×९६० करून दाखविल्यास वर-खाली ६०-६० ओळींचा काळा पट्टा उरतो, पण प्रत्येक बिंदू स्वच्छ दिसतो. २०१९ मध्ये इंटेल, एनव्हिडिया आणि एएमडी या तिन्ही कंपन्यांनी आपल्या काही ग्राफिक्स कार्डांसाठी ही सोय उपलब्ध केली.

३२०×२०० च्या उभट बिंदूंसाठी रुंदी ५ पट आणि उंची ६ पट केली, तर १६००×१२०० हे अचूक ४:३ चित्र मिळते. त्यासाठी किमान १२०० ओळींचा पडदा लागतो. १०८० ओळींच्या पडद्यावर अशी अचूक जुळणी शक्य नसल्याने तेथे १४४०×१०८० आकार घेऊन कडांवर सौम्य सरासरी काढणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

## रंगांतील बिघाड

२५६ रंगांच्या पद्धतीत प्रत्येक बिंदूसाठी प्रत्यक्ष रंग साठविला जात नसे, तर रंगपट्टीतील एक क्रमांक साठविला जाई. व्हीजीएमध्ये ही रंगपट्टी २,६२,१४४ संभाव्य रंगांमधून निवडलेल्या २५६ रंगांची असे. खेळाने रंगपट्टी ठरविल्यानंतर दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीने ती बदलल्यास क्रमांक तेच राहतात, पण रंग पालटतात. 'एज ऑफ एम्पायर्स २' आणि 'स्टारक्राफ्ट' यांसारखे खेळ विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ वर चालविताना हिरवळ लालसर आणि पाणी जांभळे दिसण्याचा जो अनुभव अनेकांना आला, त्याचे कारण हेच होते. खेळ सुरू असताना विंडोज एक्सप्लोरर तात्पुरता बंद ठेवणे हा त्यावरचा प्रचलित उपाय होता. विंडोज ८ पासून अशा रंगपद्धतींची केवळ नक्कल केली जाते. त्यामुळे दोषाचे स्वरूप बदलले असून मध्यस्थ आज्ञावली हा अधिक सोयीचा उपाय ठरतो.

## हालचालीतील अडखळ

व्हीजीएची ३२०×२०० पद्धत पडद्यावरील चित्र सेकंदाला सुमारे ७० वेळा नव्याने रेखाटत असे. १० डिसेंबर १९९३ रोजी प्रसिद्ध झालेल्या 'डूम' या खेळाची गती याच्या निम्मी, म्हणजे सेकंदाला ३५ चौकटी, अशी ठरविलेली होती. आजचे अनेक मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र रेखाटतात. ३५ चौकटी ६० वेळांत सारख्या वाटता येत नसल्याने काही चौकटी एकदा आणि काही दोनदा दिसतात. सरकत्या दृश्यात हा फरक डोळ्यांना जाणवतो. ७० हर्ट्झ स्वीकारणारा किंवा बदलता दर असलेला मॉनिटर वापरल्यास ही अडखळ कमी होते.

## जुना संगणक नव्या मॉनिटरला जोडताना

काही ठिकाणी जुना संगणकच अद्याप चालू असतो आणि केवळ त्याचा मॉनिटर बदलला जातो. अशा वेळी १५ टाचण्यांच्या व्हीजीए जोडणीतून जाणारा संदेश ॲनालॉग असतो. त्यात ओळी किती आहेत हे मॉनिटरला कळते, पण एका ओळीत बिंदू किती आहेत याचा त्याला अंदाज बांधावा लागतो. व्हीजीएमध्ये ३२०×२०० च्या प्रत्येक ओळीची दुप्पट होऊन ४०० ओळी पाठविल्या जातात आणि डॉसच्या ७२०×४०० च्या अक्षरपद्धतीतही ओळी ४००च असतात. या दोन संदेशांची कालमापने सारखी असल्यामुळे मॉनिटर खेळालाही अक्षरपद्धत समजतो आणि चित्र ७२० बिंदूंच्या हिशेबाने मोजतो. उभ्या रेषांवर येणारे धूसर पट्टे बहुधा यामुळे असतात. 'ऑटो ॲडजस्ट' कळ दाबून चित्राची जागा सुधारते, मात्र हा अंदाज नेहमीच सुधारतो असे नाही.

## रुंद पडद्यासाठी केलेले फेरबदल

मूळ प्रमाण राखण्याऐवजी खेळालाच १६:९ मध्ये चित्र तयार करावयास लावणे हाही एक मार्ग आहे. त्रिमितीय खेळांत दृष्टीचा कोन आडवा वाढविल्यास आकृती न ताणता बाजूचा अधिक परिसर दिसतो. 'डूम'चा स्रोत १९९७ मध्ये खुला झाल्यानंतर त्यावर आधारलेल्या अनेक आवृत्त्यांनी अशी सोय केली. याउलट 'चॉकलेट डूम' ही आवृत्ती ३२०×२०० चे मूळ रूप आणि ४:३ प्रमाण कटाक्षाने राखते. हाताने रेखाटलेल्या द्विमितीय पार्श्वभूमीच्या खेळांत चौकटीबाहेरचे चित्र मुळात अस्तित्वातच नसल्याने हा मार्ग चालत नाही. अनेकांनी एकत्र खेळावयाच्या व्यूहरचनेच्या खेळांत एकाला अधिक परिसर दिसणे हे इतरांवर अन्याय करणारेही ठरू शकते.

काही लोकप्रिय खेळांच्या सुधारित आवृत्त्या प्रकाशकांनीच काढल्या आहेत. 'एज ऑफ एम्पायर्स २' ची एचडी आवृत्ती २०१३ मध्ये आणि 'स्टारक्राफ्ट'ची नवी आवृत्ती २०१७ मध्ये आली. त्यांत चित्रे अधिक तपशीलवार दिसतात, पण त्या मूळ कृतीची जागा घेत नाहीत.

## जतनाच्या दृष्टीने महत्त्व

संगणक खेळ हा चित्र, गती, ध्वनी आणि नियम यांचा एकत्रित आविष्कार असतो. त्याची फाईल सुरक्षित राहिली तरी ती ज्या रूपात पाहिली जावी असे रचनाकाराला अभिप्रेत होते ते रूप आपोआप टिकत नाही. चित्रपटांच्या जतनात ही जाणीव पूर्वीच दृढ झाली आहे. मूकपट चुकीच्या गतीने दाखविला, की पात्रे विनाकारण लगबगीने चालताना दिसतात आणि गंभीर प्रसंगही हास्यास्पद होतो. चुकीच्या प्रमाणात दाखविलेल्या खेळाचेही तसेच होते.

इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे २,४०० डॉस खेळ ब्राउझरमध्येच चालविण्याची सोय केली. २००८ पासून कार्यरत असलेले जीओजी हे संकेतस्थळ अनेक जुने डॉस खेळ डॉसबॉक्सच्या तयार मांडणीसह अधिकृतपणे विकते. जुना खेळ उपलब्ध असणे म्हणजे तो मुक्त असणे नव्हे. अनेक खेळांचे स्वामित्वहक्क आजही कायम आहेत.

खेळाचे पडदाचित्र लेखासाठी, प्रकल्पासाठी किंवा संग्रहासाठी घेतानाही हीच दक्षता आवश्यक असते. ३२०×२०० च्या चित्राची मूळ फाईल तशीच ठेवावी. दाखविताना मात्र ते ४:३ प्रमाणात दाखवावे आणि तसा उल्लेख चित्राखाली करावा. त्यामुळे ज्यांनी तो खेळ चित्रनलिकेवर कधीच पाहिला नाही अशा वाचकांपर्यंतही त्याचे मूळ रूप पोहोचते.